क्रेट, हंडे आणि प्रकाशचं नशीब

तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच जीपमधून हिंडली की किस्से आपोआप साठतात. झाडून काढले तरी सीटखाली चार उरतातच!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मंचरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. काम असं, की एखादी वस्तू कशातून जन्मते, किती जगते, शेवटी कुठं जाते आणि या सगळ्यात हवा, पाणी, माती किती नासते, ते शोधायचं. पहिला विषय मिळाला टोमॅटोचा. तो बाजारात न्यायला लाकडी खोका बरा की प्लास्टिकचा क्रेट?

ऑफिसात आमचे सर, मी आणि प्रकाश. मी इथलाच, महाळुंगे पडवळचा. प्रकाश पुण्याचा. उंच, गोरा, आणि बोलणं असं की बांधावरची म्हैससुद्धा मान वळवून ऐकेल. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तेव्हा कारण काही नव्हतं. कारणं पुढं मिळत गेली.

०

घरी हे काम समजावणं अवघड होतं. चुलतभाऊ बँकेत लागलेला, त्यामुळं वडिलांचा, म्हणजे दादांचा, जीव आधीच जळत होता. शेवटी मी सोप्या भाषेत सांगितलं, "दादा, वस्तूची कुंडलीच मांडतो म्हणा ना. जन्मापासून मरणापर्यंत."

दादांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "त्या बँकवाल्याचं यंदा लगीन हाय. तू लोकाच्या खोक्याची कुंडली मांडतोय, तुझी कवा काढायची?"

०

निमगाव सावाला एका शेतकऱ्याकडं मी फवारणीची माहिती घ्यायला गेलो. ते म्हणाले, "डब्यावर लिवलंय तेवढंच मारतो." चहा झाला, मी निघालो.

पुढच्या आठवड्यात तिथंच प्रकाश गेला. त्याला तूप घालून पुरणपोळी! वर सगळी खरी माहिती. कुठलं औषध, किती वेळा, रिकामे डबे कुठं टाकले, सगळं.

मी तडक त्यांच्याकडं गेलो. "काका, मी आपल्याच भागातला. मला का नाही सांगितलं?"

"आरं, तू भागातला म्हणूनच न्हाई सांगितलं! तुझा मामा शेजारच्या मळ्यात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. तो पुण्याचा पोरगा, ऐकंल आन् जाईल."

ते ठीक. पण पुरणपोळी?

०

त्याच गावात संपत आणि दगडू, दोघं चुलतभाऊ, बांधाला बांध. एकमेकांशी बोलणं बंद. आम्ही अभ्यासाला संपतचं शेत निवडलं, तर दगडू बांधावर येऊन उभा. "माझ्या टमाट्याला काय काटं हायेत का?" शेवटी सरांनी त्याचंही शेत घेतलं.

हिशेब निघाला. दगडूचा पंप लांबून पाणी ओढायचा, फवारण्याही भरमसाट. त्यामुळं त्याच्या टोमॅटोपायी होणारं हवा-पाण्याचं नुकसान संपतच्यापेक्षा बरंच जास्त. आता हे त्याला सांगायचं कुणी? गोड बोलायचं असलं की प्रकाश, कडू असलं की मी!

मी चाचरत म्हणालो, "दगडूभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा आकडा संपतभाऊंपेक्षा जास्त आलाय."

"जास्त? संपतपेक्षा?"

"हो."

"मंग बसा राव, पेढं आणतो!"

संध्याकाळी संपत ऑफिसात हजर. "साहेब, तुमचं काय तरी चुकलंय. माझं परत मोजा."

०

क्रेट मोडला की त्याचं काय होतं, हे विचारायला आम्ही एका वस्तीवर गेलो. क्रेट व्यापाऱ्यांचे, परत न केलेले, त्यामुळं ते न्यायलाच आलो असं वाटून जीप दिसताच सगळी वस्ती सावध! एकही क्रेट नजरेला पडेना. एक मावशी दारात पदर खोचून उभ्या. "आमच्यात क्रेट न्हाई बाबा. आमी पाह्यलेला बी न्हाई."

एवढ्यात त्यांच्यामागं, गोधडीखालून, कोंबडी जोरात ओरडली.

प्रकाश शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही न पाहिलेल्या क्रेटनं अंडं दिलं वाटतं!"

वस्ती हसून हसून लोळली. मग एकेका घरातून क्रेट बाहेर आले. कुठं कोंबड्यांचं खुराडं, कुठं देव्हारा, एकीकडं तर पाळणा.

ते वाक्य मला सुचायला हवं होतं. गोधडीच्या जवळ मी उभा होतो!

०

या क्रेटच्या अभ्यासावर बोलायला परदेशातून बोलावणं आलं. कोण गेलं, ते सांगायला नकोच. तो विमानात बसला त्या दिवशी मी इकडं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्याच्या जाण्यायेण्यात किती इंधन जळेल, किती धूर होईल, सगळं मांडलं आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, कळू दे!

सरांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "फार छान काम केलंस. पुढच्या वर्षी प्रकाश तिकडं हेही मांडेल."

०

पुढचा विषय होता, पाणी भरायला पितळी हंडा बरा की प्लास्टिकचा? त्यासाठी मी आणि प्रकाश डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका घरी गेलो. भात आणि नाचणी पिकवणारं घर. घरात दोन म्हाताऱ्या, एकमेकींच्या सवती. धनी जाऊन बरीच वर्षं झालेली.

पडवीत दोन पितळी हंडे. दोन्ही लग्नातले. धाकटीचा चेपलेला, घासून घासून पातळ झालेला, बुडाची भोकं बुजवायला दोन ठिकाणी डाग दिलेला. थोरलीचा त्याहूनही जुना, पण लखलखीत. कडा अजून धारदार.

प्रकाश हरखला. "आजी, तुमचा इतका कसा टिकला? काय लावता त्याला?"

थोरली म्हणाली, "लावायचं काय त्यात. ही आली तवापासून धनी हिच्याच हंड्यातलं पानी प्यायचं."



धाकटी उठली. आपला हंडा उचलायला वाकली, थांबली आणि थोरलीच्या हंड्याला हात घालत म्हणाली, "आक्का, पावणं आल्यात. आज तुझ्यात आणू का पानी?"

थोरलीनं हंडा हळूच आपल्याकडं ओढून घेतला.

"नगं," ती म्हणाली. "झिजंल."