केमोआधीचे तीन आठवडे

केमो सुरू व्हायला तीन आठवडे होते. डॉक्टरांनी रोज चालायला आणि प्रथिनं वाढवायला सांगितलं, म्हणून मी कंपनीतून रजा घेतली. हडपसरच्या बागेत पहिल्याच फेरीनंतर बाकावर रडत बसले. शेजारी नऊवारीवर बूट घातलेल्या एक आजी मटकीची उसळ खात होत्या. त्यांनी न विचारताच मी सगळं सांगून टाकलं.

डबा माझ्यापुढे करत त्या म्हणाल्या, "अहो, गाठ छातीत आहे ना? मग पाय का बसलेत?"

मला हसू आलं. मग त्या रोज माझ्याबरोबर चालायच्या. मला धाप लागली, की बुटातला खडा काढायच्या निमित्ताने स्वतःच थांबायच्या.

शेवटच्या दिवशी मी सहा फेऱ्या मारल्या. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या केमोच्या वेळी मला चालवायला कुणी नव्हतं."