स्पीकरवरचे तांडेल

तांडेलांना फोन कानाला लावणं ठाऊकच नव्हतं. मोबाइल तळहातावर आडवा धरून, स्पीकर लावून ते असे ओरडत की अलिबागेत बसलेली मी दचकायचे. "बोल गो पोरी!" मागून भांडी, कोंबड्या, सुना, शेजारी, सगळं ऐकू यायचं.

माझं काम हृदयरोग्यांना आठवड्यातून एकदा फोन करून मनाची विचारपूस करण्याचं. अटॅक येऊन गेलेली माणसं आतून फार घाबरलेली असतात. गोळ्यांनी छाती सावरते, भीती तशीच राहते. तांडेल रेवसजवळच्या कोळीवाड्यातले. जन्मभर बोटीवर हुकूम चालवलेला माणूस, आता ओट्यावर बसलेला. "झोप लागते का? एकटं वाटतं का?" मी यादी वाचायचे. "बेस हाय," एवढंच उत्तर. वर माझीच चौकशी, "आवाज बसलाय तुझा. जेवलीस काय?" मग ओल्या बोंबलाचं कालवण कसं करावं यावर दहा मिनिटं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. रकान्यात मी 'ठीक' लिहायचे.

एकदा म्हटलं, "तांडेलकाका, स्पीकर बंद करून बोला ना." ते हसले. "वायरलेसवर भ्यालो असा कोन बोलतो काय? सगल्या बोटी ऐकत असतान. तांडेल भ्याला का पोरांचं हातपाय गललं." बोटीवरची ही रीत ते घरातही पाळत होते. ऐकणारे आहेत ना, मग सगळं बेस. मला त्यात गंमत वाटली. शिकलेली बाई मी, माणूस एवढं उघड सांगत होता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याची लाज अजून वाटते.

आमचा वार मंगळवार. एका शुक्रवारी दुपारी त्यांचाच फोन आला. मी दुसऱ्या रुग्णाशी बोलत होते. नंतर मिस्ड कॉल पाहिला आणि वाटलं, चुकून लागला असेल, मंगळवारी बोलूच.

मंगळवारी फोन त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला. तांडेल शनिवारी सकाळी गेले होते.

"शुक्रवारी फोन कानाला लावून एकलंच खल्यावर गेलं," काकू सांगत होत्या. त्या खळ्यावर सुकत घातलेल्या मासळीपलीकडे ते पाठमोरे उभे होते, खूप वेळ. "आमच्याशी कवा काय बोललं न्हाय गो. घाबरलंत काय इचारला तर अंगावर यायचं. पन तुला सगला सांगला असंल ना, बाय? मन हलका करून गेलं ना?"

त्या दिवशी मी फोन उचलला नव्हता, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"हो काकू," मी म्हटलं. "सगळं सांगितलं."

पलीकडे त्या रडायला लागल्या. जरा वेळाने नाक ओढत म्हणाल्या, "मंग मला पन सांग ना, काय बोललं ता."