डोळे मिटायच्या आधी

डोळे मिटून बसणारा माणूस म्हटलं, की तुम्हाला एखादे महाराज आठवतील. नाही हो, आमच्या भाऊंचं धुळ्यात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. एलईडी जळू नये म्हणून लावायचा रेझिस्टर मागितला, की ते विचारतात, "बॅटरी कितली शे?" मग डोळे मिटतात. पापण्यांआड जणू दिवा हळूहळू उजळतो आणि स्वप्नातून बोलल्यासारखा आवाज येतो. तीन सेल असतील तर "शंभर लाव", नऊ व्होल्ट असतील तर "तीनशे तीस".

एकदा मला दुकानात बसवून भाऊ चहाला गेले, तेव्हा शेजारच्या अक्का कानबाई देवीच्या मखरातल्या दिव्यांसाठी रेझिस्टर न्यायला आल्या. मी लगेच भाऊंच्या खुर्चीत बसून डोळे मिटले. "शंभर लाव, अक्का." अक्का हसत हसत घेऊन गेल्या.

त्यांची बॅटरी निघाली नऊ व्होल्टची. संध्याकाळी कानबाईभोवती दिवे चांदण्यांसारखे लखलखले आणि आरतीच्या आधीच एकेक करून विझले. अक्का रडकुंडीला आल्या. भाऊ धावत आले, "चूक मनी शे, अक्का," म्हणत दोष स्वतःवर घेतला आणि तिथेच मांडी घालून सगळे दिवे, सगळे रेझिस्टर बदलले. आरती उजेडात झाली.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा कान पिळला. "मनी नक्कल करस ना? मंग बठ्ठी कर, पुरी! आधी बॅटरी इचार, मंग डोया मिट!"