सात वेळा सावरलेलं उपरणं

मी बँकेत नोकरी करतो आणि वर्षातून एकदा, गणेशोत्सवात, नट होतो. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या उत्सवात मराठी नाटक होतं हे बनारसबाहेरच्या मराठी माणसाला खरं वाटत नाही. प्रेक्षकांतली निम्मी तरुण मंडळी शेजारच्याला हिंदीत विचारत असतात, "क्या बोला?" तरी आम्ही नाटक करतो, आणि त्यातला मोठा नट मीच, असा माझा बरीच वर्षं समज होता.

त्या वर्षी मला एका म्हाताऱ्या वैदिकाची भूमिका मिळाली. त्याला आयुष्यभर म्हटलेले मंत्र आठवेनासे होतात. नाटक गंभीर होतं. आमच्या दिग्दर्शकबाई शाळेत शिकवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "विसरणारा माणूस दाखवू नका. विसरणं लपवणारा दाखवा." मग मी तसा माणूस शोधायला निघालो. लांब जावं लागलं नाही. मंगला गौरीच्या देवळाजवळ, आमच्याच गल्लीत, एक काका राहतात. उभा जन्म वेदपठणात गेलेला. मुलगा रेल्वेत, नातू कोचिंगला, घरात मंत्र शिकणारं कुणी नाही. नाटकासाठी तुमचं निरीक्षण करायचंय, हे तोंडावर सांगायला जीभ रेटेना. म्हणून खोटं बोललो. "काका, रुद्र शिकायचाय. मुंजीनंतर सगळं सुटलं."

काकांचा चेहरा असा काही उजळला की मी तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. "अरे, मग ये न! सुबह सहाला ये. मगर नागा नाही करायचा, एका दिवसाचाही." आणि आत हाक मारून काकूंना म्हणाले, "ऐकलंस का, विद्यार्थी आला!"

महिनाभर मी बँकेआधी तासभर त्यांच्याकडे संथा घेतली. संथा म्हणजे गुरूनं एक तुकडा म्हणायचा आणि शिष्यानं तो तसाच दोनदा म्हणायचा. मी तोंडानं म्हणत होतो आणि डोळ्यांनी चोरत होतो. गुडघ्यावर हात कसा ठेवतात, श्वास कुठे घेतात, सगळं. दहा-बारा दिवसांनी मला घबाड सापडलं. काका अडले की खांद्यावरचं उपरणं सावरायचे. उपरणं मुळीच घसरलेलं नसायचं. ते सावरेपर्यंत शब्द आठवायचा. नाहीच आठवला तर मला म्हणायचे, "मागचं म्हण बरं एकदा," आणि माझ्या म्हणण्यातून पुढचं धरायचे. कधी गल्लीतले वैदिक घरी आले की चौघांबरोबर म्हणताना तर आणखी सोपं. उपरण्याला हात, तेवढ्यात बाकीचे दोन शब्द पुढे गेले, की हे त्यांच्यात मिसळून जायचे. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, काकूंच्याही नाही. माझ्या आलं, कारण मी शिकायला बसलोच नव्हतो.

तालमीत मी पहिल्यांदा उपरणं सावरलं तेव्हा दोघं-तिघं हसले. बाई म्हणाल्या, "एकदाच करा, नाहीतर विनोद होईल." प्रयोगात मी ते सात वेळा केलं. पहिल्यालाच हशा आला आणि मी वाहवलो. सावरलं, झटकलं, शेवटी तर खांद्यावरच असलेलं उपरणं जमिनीवर शोधलं. लोक हसून लोळत होते. पुढच्या रांगेत गल्लीतले वैदिक बसले होते. त्यांतल्या एकानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, तेही मला स्टेजवरून दिसलं. सांगायला लाज वाटते, मला त्याचा आनंद झाला. हुबेहूब साधल्याची ती पावती वाटली. काका नाटकाला आले नव्हते. गुडघ्यांमुळे ते फारसे बाहेर पडत नाहीत.

दोन दिवसांनी उत्सवाचा मंत्रजागर होता. त्याला मात्र काका दुखत्या गुडघ्यांनी आले, माझा हात धरून. वैदिक दोन ओळींत समोरासमोर बसतात आणि आळीपाळीनं म्हणतात. काकांनी मला आपल्या पाठीमागे बसवलं आणि शेजारच्याला सांगितलं, "हा माझा विद्यार्थी. बँकेत आहे, मगर वाणी साफ आहे एकदम." शेजारचा माझ्याकडे बघून गालात हसला.

थोड्या वेळानं काकांचा हात उपरण्याकडे गेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "देखो, देखो!" ओळीतल्या बाकीच्यांनी काकांकडे पाहिलं, त्यांना हसू आवरेना आणि त्यांचं म्हणणं तुटलं. काका ज्या आवाजात मिसळणार होते तो आवाजच थांबला होता. ते एकटेच उपरणं नीट करत राहिले. ती ओळ त्यांनी मला संथेत दिलेली होती. पुढचा शब्द मला येत होता. मी नुसता पुटपुटलो असतो तरी काका सुटले असते. पण तसं केलं तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतील, एवढ्या भीतीनं मी मान खाली घातली. शेवटी समोरच्या ओळीनं पुढचं म्हणायला घेतलं. काका मग अखेरपर्यंत गप्प बसून होते.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "आज लोकांना झालं काय रे?" मी म्हणालो, "काय माहीत."

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. काका आसनावर तयार बसले होते. मी त्यांचे पाय धरले आणि नाटक, उपरणं, हशा, सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला हाकलून द्यावं असं मला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे सगळ्यांना कळलं," ते म्हणाले. "आणि रुद्र? तोही नाटकासाठीच?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"माझं डोकं रिकामं होत चाललंय, ते मला कळत नव्हतं का? रोज सकाळी तू यायच्या आधी देवापुढे बसत होतो. म्हणत होतो, बाकी सगळं ने, मगर याचा रुद्र पूरा होईपर्यंत तेवढं राहू दे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्यापासून काय मागू, सांग."