खचणं म्हणजे काय

मिरजेच्या दवाखान्यात लकवा झालेल्या माझ्या भावाची बोटं वाकवायला चर्चमधले एक निवृत्त कंपाउंडर रोज यायचे. एकेक बोट वाकवत त्याला चिडवायचे, "काय गड्या, आज लय आळस?"

एकदा मी म्हणालो, "मी खचलोय."

"रडा की, पावणं," ते म्हणाले. "बायबलात खचण्याला ग्रीक शब्द हाय, एनकाकेओ. खचणं म्हणजे रडणं न्हवं. करतोय ते कंटाळून सोडणं."

मी साताऱ्याहून येणं आधी कमी केलं, मग बंदच. कामाचं कारण सांगितलं, ते खोटं होतं.

भाऊ गेल्याचा फोन त्यांनीच केला. का येत नव्हतो, हे विचारलं नाही. "या, हात अजून गरम हाय," एवढंच म्हणाले.

तीन तासांनी पोचलो, तर तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.