सात वाजताचा पहिला फोटो

सलीम गेल्याचं त्याच्या थोरल्या मुलीनं मला फोनवर सांगितलं आणि मी तिच्यावरच डाफरलो. दफन दुपारीच झालं होतं. मी नाशिकला लेकीकडे. कळवलं असतं तरी वेळेत पोचलो असतो असं नाही. तरी म्हणालो, "मला सकाळी सांगता येत नव्हतं?" ती बिचारी म्हणाली, "काका, अब्बांनीच सांगून ठेवलेलं, मास्तरला धावपळ करायला लावू नका." फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडत बसलो. आज चार आठवडे झाले, राग काही पुरता उतरलेला नाही.

सलीमचं जव्हारच्या बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत पासपोर्ट फोटो काढायची सोय. मी तालुक्यातला शाळामास्तर. बंद पडलेलं घड्याळ घेऊन एकदा त्याच्याकडे गेलो, भांडलो, चहा प्यालो आणि पुढची तीस वर्षं भांडत चहा पीत राहिलो. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब केले. नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. हा पठ्ठ्या डिजिटल कॅमेरा घेऊन माझ्या दारात उभा. "मास्तर, काटा सरकताना जन्मभर बघितला. भात वाढताना कधी बघितला नाही. एक पावसाळा टिपून घेऊ. दिवाळीपर्यंत डोळे राहिले, तर बघीन." मी म्हणालो, नाही राहिले तर? तो म्हणाला, "तर तू बघ आणि मला सांग. पण तुला सांगता येत नाही नीट, म्हणून घाई."

जागा ठरली जवळच्या साखरशेत गावची, जानीबाईच्या भातखाचराची. जानीबाई एकटी राहायची, शेताच्या कडेलाच तिचं घर. घरापुढे सलीमनं सागाचा खांब रोवला, त्यावर पत्र्याचा डबा आणि डब्याला पुढून काच बसवली. आत कॅमेरा, खाली प्लास्टिकात गुंडाळलेली जुन्या स्कूटरची बॅटरी. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, तासाला एक फोटो आपोआप निघेल, असं कॅमेऱ्यात लावून दिलं. सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्याचे फोटो संगणकावर लावले, तर काचेवरचा पावसाचा थेंब न् थेंब मोत्यासारखा स्पष्ट, आणि मागे शेत म्हणजे नुसता हिरवा चिखल. कॅमेरा दर वेळी जवळचं बघत होता. मग सलीमनं भिंग चाचपत, मला बटणं वाचायला लावत, फोकस दूरवर कायमचा बांधून टाकला, फ्लॅश बंद केला आणि जानीबाईला बजावलं, "बाई, सातला पहिला फोटो निघतो. त्याच्या आधी काच पुसून ठेव."

आता सांगा, घड्याळवाल्याशिवाय ही चूक कोण करेल? जिच्या घरात घड्याळच नाही, तिला हा सातच्या आधी म्हणून सांगतो. जानीबाईनं तिचा मार्ग काढला. ती कोंबडा आरवल्यापासून खांबाशी उभी राहायची. डब्यात कॅमेरा जागा होऊन घर्र करायचा, की सात वाजले असं समजून पदरानं काच पुसायची. पुढच्या पाच-सात सेकंदांत फोटो निघून गेलेला असायचा. त्यामुळे रोजच्या पहिल्या फोटोत शेत नाही, तर जानीबाईचा भला मोठा, धूसर चेहरा. मी वैतागलो. तिला समजावायला निघालो, तर सलीम म्हणाला, "राहू दे. म्हातारी इमानानं करते."

दर आठवड्याला मी जायचो, कार्ड बदलायचो, बॅटरी बदलायचो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून तसाच परत फिरायचो. आवणी झाली, म्हणजे रोपं लावून झाली, भात पोटरीला आला, पिवळा पडला, कापणी झाली. दिवाळीनंतर मी सगळे फोटो ओळीनं जोडून दीड मिनिटाची फिल्म केली. जानीबाईचे चेहरे तेवढे वगळले. शिस्तीचा माणूस ना मी.

दुकानाच्या मागच्या खोलीत सलीम पडद्याला नाक लावून बसला. फिल्म संपली. तो म्हणाला, "मास्तर, उजेड हलतो. बाकी काही नाही दिसत." पावसाळाभराची खटपट आणि डोळ्यांनी दिवाळी गाठलीच नव्हती. मग त्यानं विचारलं, "जानीबाई कुठाय?" मी म्हणालो, काढली. तो असा भडकला, की तीस वर्षांत इतका कधी भडकला नव्हता. "जे मला दिसलं असतं, नेमकं तेवढंच काढून टाकलंस?"

खरंच होतं. मूळ फोटो सीडीवर होते. मी सगळे चेहरे परत घातले. पुन्हा फिल्म लावली, या वेळी अगदी सावकाश. शेत गेलं की पडदाभर जानीबाई यायची आणि सलीम हळूच म्हणायचा, "आली." पुन्हा शेत, पुन्हा "आली." भाद्रपदाच्या सुमाराला तो एकदम थांबला. "इथं नाही आली. परत लाव." परत लावली. सलग पाच सकाळी चेहरा नव्हता. मी ते शंभरदा पाहिलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मला धरून तो साखरशेतला आला. जानीबाई सहज म्हणाली, "ताप भरलेला भाई. उठवत नव्हतं." मी म्हणालो, अगं, त्याच आठवड्यात मी बॅटरी बदलून गेलो, हाक मारायची होतीस. ती म्हणाली, "डब्याचं तोंड शेताकडं, गुरुजी. तुमी पन तिकडंच बघत व्हते." सलीमनं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला मान वर करवेना.

त्यानंतर दर आठवड्याला साखरशेतहून बाजाराला येणाऱ्या कुणाला तरी दुकानासमोर थांबवून तो विचारायचा, जानीबाई बरी आहे ना? आणि तिला निरोप पाठवायचा.

परवा मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. साखरशेतचा एक जण थांबला. म्हणाला, "म्हातारी विचारते, भाईचा निरोप का नाय आला? बरे हायेत ना?" चार आठवडे मी शोक करत होतो आणि तिला सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मी त्याच्याबरोबरच निघालो. जानीबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, वाटेकडे... सलीम सावकाश चालतो, मागून येत असेल म्हणून.