मागचा आधी थांबला पाहिजे

"ताई, दाबा!"

आखातात, खोर फक्कान बंदराजवळच्या आमच्या ट्रान्सपोर्ट यार्डात ही आरोळी आली की मी ऑफिसची खुर्ची सोडायची, ओढणी कमरेला खोचायची आणि ट्रकच्या केबिनमध्ये चढायची. सावंतमामांना ब्रेक दाबायला माणूस लागायचा आणि त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. "बाकीचे निम्मा दाबतात न् पुरा दाबला म्हणून सांगतात," म्हणायचे.

मामा चिपळूणकडचे. ट्रेलरच्या दिव्यांचं वायरिंग आणि ब्रेक हे त्यांचं खातं. दिवे लागले तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. शेवटच्या चाकाशी उकिडवे बसून ते ब्रेक लागल्याचा आवाज ऐकायचे. "दिवा खोटं बोलतो कधी कधी. चाक नाही बोलत."

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला कंपनीनं एका ट्रकमागे दोन ट्रेलर जोडायचं काढलं. मामांनी दोन दिवसांत दिवे जोडून दिले. ब्रेकचं मात्र अडलं. ब्रेक हवेच्या दाबावर चालायचे; ती हवा पार मागच्या चाकांपर्यंत पोचेस्तोवर पुढचा ट्रेलर थांबायला लागायचा आणि मागचा त्याच्या पाठीत घुसायला बघायचा. हवा लवकर पोचवणारा व्हॉल्व्ह बाहेरून मागवला होता. त्याला महिना लागणार होता. "मागचा आधी थांबला पाहिजे, ताई. मसाफीच्या घाटात उतारावर त्यानं ढकललं तर ड्रायव्हरनं काय करायचं?"

नेमकं त्याच महिन्यात मामांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. रजा मंजूर होती, सोन्याची चेन घेऊन झाली होती. पण सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात, तेव्हाची रीतच ती. मॅनेजरनं ब्रेक टेस्टमध्ये पास झाल्याचा कागद पुढे सरकवला. "मामा, साइन करो, पासपोर्ट ले जाओ. खलास."

मामांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "साब, व्हॉल्व्ह आने दो."

बाहेर आल्यावर मीच भडकले. "अहो, एका सहीचा प्रश्न! लेकीचं लग्न काय दोनदा होणार आहे?"

"सही केली तर मांडवात माझं लक्ष कुठं असेल, ताई? उतारावर."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा, कारण त्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. त्यांनी सही केली असती तर मी सुटले असते. दोनदा मी किल्ली हातात घेऊन कपाटापर्यंत गेले. पण माझा नवराही याच कंपनीत, दोघांचे व्हिसा याच कंपनीचे, मुलं शाळेत. दोन्ही वेळा मुकाट्यानं जागेवर येऊन बसले. लाज वाटते अजून.

लग्नाच्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून यार्डाबाहेरच्या फोन बूथमध्ये उभे होते. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या मुठीत कुंकू लावलेले तांदूळ. पलीकडे मंगलाष्टकं चालू होती. प्रत्येक 'सावधान'ला मामा समोरच्या रिकाम्या रस्त्यावर चार अक्षता टाकत होते. शेवटच्या 'सावधान'आधीच फोनचं कार्ड संपलं. दुसरं कार्ड कुणाकडेच नव्हतं. मामांनी मूठ उघडून बघितली, उरलेल्या अक्षता एकदम टाकल्या आणि म्हणाले, "लागलं असेल एव्हाना."

दहा दिवसांनी व्हॉल्व्ह आला. मामांनी तो बसवला.

"ताई, दाबा!"

मी जीव खाऊन दाबला. मागून आवाज आला, "मागचा आधी! शाब्बास!" मग हात पुसत ऑफिसात येऊन त्यांनी सही केली.

मी कपाट उघडून त्यांचा पासपोर्ट काढून दिला. आत बाकीच्यांचे ओळीनं लावलेले होते. मामा वाकून बघत राहिले.

"तुमचापण यातच?"

"हो."

"आणि किल्लीपण तुमच्याकडेच?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. मी कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. "येतो, ताई. पाय असाच पुरा दाबत जा," म्हणाले आणि गेले.

मामा त्या रजेवरून परत आले नाहीत. मी त्याच खुर्चीत बसून आणखी सहा वर्षं ती किल्ली सांभाळली.